गालिच्यातली पायधूळ

मानवतच्या बसवंतरावांच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाचा, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्या बायकोनं, गौराबाईनं, सरळ आढ्याकडं बोट दाखवलं असतं. तिथं दोरांच्या फासात, जुन्या धोतरात गुंडाळलेला एक गालिचा टांगलेला असे. खुद्द बसवंतराव तापानं फणफणलेले असतानासुद्धा त्यांना कुणी इतक्या हळुवार हातांनी उचललं नव्हतं.

वर्षातून एकदा तो खाली यायचा. कापसाच्या गाड्यांनी गावचे रस्ते अडायला लागले की गुरुमहाराज मुक्कामाला येत. गालिच्यावर चौरंग मांडला जाई, महाराज त्यावर बसत. परातीत त्यांचे पाय धुवायचे, पावलांना विभूती लावायची आणि ती ओली पावलं गालिच्यावर टेकवायची, मग फुलं, बेल, आरती. मुक्काम हलला की गालिचा पुन्हा आढ्याला. बाकी कुणी त्यावर पाय ठेवायचा नाही. आणि मुख्य म्हणजे तो झटकायचा नाही, बडवायचा नाही. पाण्याचं तर नावच काढायचं नाही.

हा कायदा बसवंतरावांच्या आईचा, शिवम्माचा. त्यामागचं कारण सगळ्या आळीला पाठ होतं. निजामाच्या राज्यात शिवम्माचे यजमान मन्मथअप्पा यांनी हा गालिचा हैदराबादेहून आणला. तोवर शिवम्माची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या खेपेला थोरले महाराज याच गालिच्यावर बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे राहील." ते राहिलं, वाढलं आणि आडत दुकानाच्या गादीवर बसून चांगलं गरगरीत झालं. तेव्हापासून महाराजांच्या पायाची जी धूळ त्या लोकरीत मुरली, ती शिवम्माला सोन्याहून प्यारी. घराची लक्ष्मी झाडून बाहेर टाकतं का कुणी?

गौराबाई या घरात नांदायला आली तेव्हा गालिच्याचा रंग मातकट होता आणि तिला वाटलं, तो मुळातच तसा असेल. सासूला तसं विचारायची तिची छाती झाली नाही, आणि पुढं संसाराच्या रगाड्यात ती ते विसरूनही गेली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. थोरले महाराज आदल्या चैत्रात लिंगैक्य झाले आणि त्यांच्या गादीवर बसलेले नवे महाराज त्या वर्षी पहिल्यांदाच मुक्कामाला यायचे होते. गौराबाईनं दुकानातला हमाल रंगनाथ याला बोलावून गालिचा खाली उतरवून घेतला. धोतर सोडलं, एक टोक उलगडलं, आणि तिच्या हातात लोकरीचा पुंजकाच आला. तिनं दुसरीकडं धरलं. तिथंही तेच. खाली धाग्यांची उघडी जाळी दिसत होती आणि तिच्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

"आत्याबाई," ती ओरडली, "पळत या! कसर लागली हो ह्याला!"

शिवम्मा आली, वाकली, आणि गालिच्यापाशी खाली बसली.

गौराबाईनं माहेरी घोंगड्या धुतल्या होत्या. लोकरीचं दुखणं तिला कळत होतं. "हे वरवर झाडून भागायचं न्हाई," ती म्हणाली. "किडा मुळाशी बसलाय. धूळ हाय म्हनून त्यो हाय. रिठ्याच्या पान्यात धुऊन, वाळवून, कडूलिंबाचा पाला घालून ठिवला तर जगंल. न्हाईतर पुढच्या साली ह्याच्यातून नुसत्या दोऱ्या निघतील बघा."

"धुवायचा?" शिवम्मा म्हणाली. "अन् महाराजांची पायधूळ?"

गौराबाईनं उलगडलेलं टोक हलकेच खाली ठेवलं.

"आता नवी धूळ कुठून आनू, गौरा? गेलं की मानूस. एवढीच उरलीय माझ्यापाशी."

दुपारी जेवायला आलेल्या बसवंतरावांपुढं प्रकरण गेलं. त्यांनी घास थांबवला, आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि म्हणाले, "नांदेडहून नवा आणू. कामून एवढा घोर करायलाव?" असं म्हणून ताटावरून जे उठले ते थेट दुकानात. घरात दोन बायकांचं बिनसलं की या गृहस्थांना कापसाचा भाव एकदम आठवायचा.

शिवम्मा त्या दिवशी जेवली नाही. गालिच्यापाशी बसून एकेक अळी चिमटीत धरून बाजूला ठेवत राहिली. मारतही नव्हती. तिला तशी पाहून गौराबाईला कीवही आली आणि रागही. ज्याला इतकं जपलं त्याला जपण्यानंच कीड लागली, हे या बाईला सांगणार कोण? आपण धुवायचा हट्ट धरला आणि गालिचा धुताना फाटला, तर जन्मभर सासूच्या डोळ्याला डोळा भिडवता यायचा नाही, हेही तिला कळत होतं.

सकाळी शिवम्मा अंघोळ करून पूजेला बसली. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल वाहिला. मग महाराजांच्या नावानं भरून ठेवलेल्या वाटीतलं पादोदक तीन बोटांनी ओठाला लावलं आणि तशीच थबकली.

"गौरा, इकडं ये."

गौराबाई हाताला लागलेलं पीठ पुसत आली.

"महाराजांचे पाय आपुन धुतो, तवा पायाची धूळ कुठं जाती?"

"पान्यात."

"अन् ते पानी?"

"पादोदक. आपुन घेतो की."

"मंग गटारात टाकतो का ते?" शिवम्मा उठली. तिचा चेहराच पालटला होता. "गालिच्याचं पानी बी तेच. त्याच पायाची धूळ हाय ना त्यात? धू तू. पन एक थेंब बी घराबाहेर गेला न्हाई पायजे. सगळं बेलाच्या मुळाशी."

गौराबाई बघतच राहिली. इतकी वर्षं जिनं गालिच्याजवळ पाण्याचा तांब्यासुद्धा येऊ दिला नव्हता, तीच आता पदर खोचून रिठे फोडायला बसली होती. फक्त एक शंका गौराबाईला छळत होती, ती तिनं विचारून टाकली.

"आत्याबाई, ते पानी प्यायचं मातर न्हाई हं."

"मला काय येड लागलंय?" शिवम्मा फणकारली. "रिठा कडू असतो, एवढं कळतंय मला."

अंगणातल्या फरशीला बेलाच्या झाडाकडं उतार होता. फरशी धुऊन घेतली. आधी एक पांढरं धोतर अंथरून त्यावर गालिचा पालथा घातला आणि गौराबाईनं पाठीवरून हलक्या हातानं थोपटायला सुरुवात केली. मग गालिचा उचलला. धोतरावर धुळीचा ढीग होता. चिमूटभर नाही, मूठभर नाही, परात भरेल इतका. मऊ, राखाडी, हात घातला तर मनगटापर्यंत बुडावा असा. त्यात अक्षतांचे तुकडे होते, बेलाच्या पानांचा चुरा होता, कापसाचे तंतू होते. गेलेली सगळी वर्षं तिथं पडलेली होती. कालपर्यंत ती या धुळीला घाण म्हणत होती. आता तिच्यात पाय पडू नये म्हणून ती मागं सरली.

शिवम्मानं त्यातली चिमूट कपाळाला लावली आणि बाकीची ओंजळीओंजळीनं बेलाच्या आळ्यात नेऊन घातली. "जा बाबा," एवढंच ती म्हणाली.

गौराबाईनं एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून धरलं. फडक्यावर रंग उतरला नाही. तेव्हा तिनं आडातून पाणी शेंदायला सुरुवात केली. दुष्काळात तळ दाखवणाऱ्या आडाला आता पाणी हाताशी आलं होतं. रिठ्याचा फेस हातानं पसरायचा, लोकर ज्या बाजूला झुकते त्याच बाजूनं तळवा फिरवायचा, उलटं घासायचं नाही, पिळायचं नाही. पहिलं पाणी काळं निघालं. मग चहासारखं. बेलाचं आळं तुडुंब भरलं, ओसरलं, पुन्हा भरलं.

आणि मग तो रंग वर आला. आधी एका कडेला, कसरीनं खाल्लेल्या जागा सोडून, लाल. बाजारातला भडक लाल नाही, डाळिंब फोडल्यावर दिसतो तो. त्याच्याशेजारी निळा. मग हिरवी पानं, पानांत पिवळी फुलं, फुलांच्या वेली एकमेकींत गुंतत मधल्या भागाकडं निघालेल्या. गौराबाई पाणी ओतत होती आणि तिच्या हाताखाली बाग उघडत होती. तिचं तिलाच खरं वाटेना. ज्या घरात ती उठली-बसली, जिथं तिनं चुलीपुढं डोळे चोळले, त्या घराच्या आढ्याला हे सगळं टांगलेलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"आत्याबाई, तुमी बघितला व्हता हा असा?"

"आनला तवा कंदिलाच्या उजेडात बघितला व्हता," शिवम्मा म्हणाली. "सोळा-सतरा वर्सांची व्हते मी. पुढं धूळच बघितली."

मधला भाग राहिला होता. तिथं मळ थापून बसलेला होता. गौराबाईनं फेस जास्त घातला, तळवा जरा दाबून फिरवला आणि वरून घागर ओतली. पाणी वाहून गेलं तेव्हा तिचा हात थांबला. त्या डाळिंबी लालाच्या ऐन मध्यात दोन फिकट डाग पडले होते. रंग उडालेला, लोकर झिजून बसलेली.

"अगं माय!" तिच्या हातातली घागर कलंडली. "रंग गेला! आत्याबाई, मी लय दाबून घासलं काय की... माझ्याच हातानं झालं हो हे!" तिला रडू फुटलं. नवे महाराज, नवरा, आळी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि सगळ्यात शेवटी सासू. सासूकडं बघायची तिला हिंमत होईना.

शिवम्मा गुडघे टेकून ओल्या फरशीवर बसली, हातांवर पुढं सरकली आणि त्या डागांवर वाकली. डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिनं एक बोट उचललं आणि डागाच्या कडेनं फिरवायला सुरुवात केली. वर अंगठा. मग बोटं, एकापुढं एक, लहान होत गेलेली. मग तळवा, मधे आत गेलेला. मग टाच.

गौराबाईनं पदरानं डोळे पुसले. तिलाही आता ते दिसलं आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. ओल्या पायांची विभूती वर्षानुवर्षं तिथं लागली होती, त्याच जागी, त्याच दोन पावलांनी. त्या विभूतीनं लाल रंग खाऊन टाकला होता. गालिच्यावर दुसऱ्या कुणाचा पाय कधी पडलाच नव्हता.

"हे बघ," शिवम्मा म्हणाली. तिचा आवाज लेकरासारखा झाला होता. "डावं पाऊल बघ, गौरा. टाच हाय का त्याला?"

गौराबाईनं वाकून पाहिलं. उजवं पाऊल पुरं होतं. डाव्याला अंगठा होता, बोटं होती, चवडा होता. मागं नुसता लाल रंग, जसाच्या तसा.

"न्हाई," ती म्हणाली.

"थोरल्या महाराजांची डावी टाच टेकत नव्हती. म्हातारपनी काठी घेतली ती त्याच्यासाठीच." शिवम्मानं दोन्ही तळहात त्या दोन पावलांवर ठेवले. ओली लोकर थंडगार होती, तरी तिनं हात काढले नाहीत. "पायधूळ जपली म्या इतकी वर्सं. अन् पाय हितं व्हते. माझ्याच धुळीनं झाकलेले."

गौराबाईनं हात जोडले. गालिच्याला की सासूला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दुकानातून बसवंतराव आले ते अंगणाच्या दारातच थांबले. आई ओणवी वाकलेली, बायको हात जोडून उभी, आणि दोघींच्या मधे कधी न पाहिलेली बाग. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"आत्याबाई," गौराबाई हळूच म्हणाली, "रिठा राहिलाय अजून लोकरीत. पानी ओतू का?"

"वत," शिवम्मा पावलांवरचे हात उचलत म्हणाली. "लय वत. नीट दिसू दे महाराजांचे पाय."