पाकेंची उजवी नाकपुडी

"मेंदूतलं पाणी नाकातून गळू शकतं का?"

हा प्रश्न माझा नव्हे, नीन्के आणि तेटस्के या माझ्या दोन मैत्रिणींचा. शाळेत आलेल्या पाहुण्या डॉक्टरांना तो भर वर्गात विचारलास तर अख्खा साखरपाव तुझा, अशी पैज होती. गेल्या वर्षीची मी बाकाखाली लपले असते. यंदाची मी हात वर करून चक्क उभी राहिले!

वर्ग खिदळला. डॉक्टर वीर्डाबाई मात्र हसल्या नाहीत. सोबत आणलेल्या कवटीचं झाकण त्यांनी बरणीचं उचलावं तसं उचललं.

"हाडाखाली तीन आवरणं. पहिलं चामड्यासारखं चिवट, दुसरं कोळ्याच्या जाळ्यासारखं, तिसरं मेंदूला घट्ट चिकटलेलं. या शेवटच्या दोन्हींच्या मध्ये पाणी, त्यात मेंदू तरंगतो." मग त्यांनी नाकाच्या वरचं हाड उजेडात धरलं. त्याला चाळणीसारखी भोकं! "हे फार पातळ. आपटून तडा गेला, आवरण फाटलं, की गळतं. बहुधा एकाच नाकपुडीतून. नितळ, खारट. वाकलं की जास्त."

माझं हसू तिथेच थांबलं.

पाके, म्हणजे माझे आजोबा, तीन आठवड्यांपूर्वी बर्फावर तोंडावर आपटले होते. तेव्हापासून वाटाण्याच्या सूपवर वाकले की उजव्या नाकपुडीतून टप. आमच्याकडे वारा असा, की नाक सगळ्यांचंच वाहतं. त्यामुळे कुणी मनावर घेतलंच नाही. बाबांनी तर त्यांच्या ताटाशेजारी प्लंबरची टेप ठेवली होती.

"पाके, सूप पातळ करू नका हं," मी म्हणायचे.

"अगं, मीठ कमी होतं, तेवढं घातलं!"

तास संपल्यावर मी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"आजच दाखवा. तोवर त्यांना नाक शिंकरू देऊ नकोस."

"गंभीर आहे का?"

"ते मेंदूतलं पाणी असलं तर जंतूंना मेंदूपर्यंत वाट मोकळी. नसलं तर तुझे आजोबा मला हसतील. हसू देत."

साखरपाव तसाच टाकून मी घरी सायकल हाणली. पाके स्वयंपाकघरात वाकून स्केट्सना धार लावत होते. शनिवारी गावची शर्यत, त्यांची एकसष्टावी. पात्यावर टप.

"बघ हिस्के, धारेला पाणीसुद्धा घरचंच!"

आई-बाबा हसले. मी स्केट्स उचलून कोटाच्या आत घातल्या.

"अगं ए चोरटे!" पाके ओरडले.

"आई, बाबा, ऐका. चार वाजता डॉक्टर. शाळेतूनच फोन केलाय, पाकेंना मी नेणार. शनिवारी ते बर्फावर जाणार नाहीत. रुसले तर रुसू देत, पण रुसून नाक मात्र शिंकरायचं नाही!"