आखाजीच्या दिवसाची एंट्री

“साहेब, खोटं लिहिलंय तुम्ही. आणि त्याच्याखाली सही माझी मागताय!”

गजेंद्र पाटलाच्या तोंडून हे निघालं आणि मिटिंग रूममधले चहाचे कप हवेतच थांबले. बावीस वर्षं सुरतच्या या रंगाई मिलमध्ये ‘हो साहेब’पलीकडे ज्याचा शब्द गेला नव्हता, तो माणूस उभा राहून बोलत होता. टेबलावर एकच कागद होता. एकशे चाळीस ताके व्हिस्कोस कापडाचे, पॉलिस्टर म्हणून नोंदले गेले. चूक ऑपरेटर गजेंद्र पाटील यांची. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही.

“अरे पाटील, बैस ने,” मॅनेजर साहेब म्हणाले. “मैं कहाँ बोलता हूँ? सिस्टीम बोलती है. एंट्री तेरे नाम से है. ग्यारह चालीस.”

“त्या दिवशी आखाजी होती.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशी माणसाची दिवाळीच. सासरी गेलेल्या बहिणी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात. अर्धं सुरत भुसावळच्या गाडीत चढतं आणि मिलची खाती ओस पडतात. गजेंद्रही गेला होता. रजेच्या चिठ्ठीवर सही याच साहेबांची. अकरा चाळीसला तो अमळनेरजवळच्या गावात, निंबावर बसून, बहिणीसाठी झोक्याचा दोर आवळत होता.

शेठने नवं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा ते बसवायला सल्लागार कंपनीचा अमित आला. मराठी पोरगा! गजेंद्र हरखला. दीड महिना त्याला शेजारी बसवून घेतलं, घरून कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊ घातला, आणि कोऱ्या कापडाच्या गोदामातलं जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगून टाकलं. ट्रक आला, ताके उतरले की गजेंद्र मालासोबत आलेलं चलन बाजूला ठेवायचा. एक दोरा उपसायचा आणि काडी लावायचा. पॉलिस्टर असलं तर वितळून काळा मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं, मागे राख.

“चलन लिहिणारा घाईत असतो रे,” तो अमितला म्हणाला होता. “स्क्रीनवर एक खाना ठेव. दोरा जाळला की नाही जाळला. तोवर माल पुढे सरकूच देऊ नको.”

अमित हसला होता. “काका, हे सॉफ्टवेअर जगभर चालतं. काडेपेटीचा खाना कुठेच नाही.”

गोदामाला चार लॉगिन हवे होते. साहेबांनी खर्च वाचवायला एकच घेतला, गजेंद्रच्या नावाचा. आखाजीला निघताना साहेबांनी बजावलं, “पासवर्ड लिख के जा, काम रुकना नहीं चाहिए.” काम अडू नये म्हणून भल्या गजेंद्रने पोरीचं नाव, वर्षा, आणि पुढे तीन आकडे, असा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवला. ही त्याची चूक. एवढीच.

परतला तेव्हा माल पॉलिस्टर रंगवायच्या एकशे तीस डिग्रीच्या मशीनमधून निघाला होता. रंग चढला नव्हता आणि कापड हाताने फाटत होतं.

काल संध्याकाळी गजेंद्रच्या पर्वत पाटियाच्या खोलीवर धुडकू हमाल आला होता. त्याच्याच गावचा. यंदा आखाजीला गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून मिलमध्येच राहिलेला.

“मी देखं ना भो,” धुडकू हळूच म्हणाला. “तुनी खुर्चीवर तो कॉम्प्युटरवाला पोऱ्या बसेल व्हता. मांगे साहेब उभा. जल्दी कर, जल्दी कर, चालू व्हतं त्यानं. पन मनं नाव नको सांगजो. मनं घर बुडी जाई.”

“नही सांगाव,” गजेंद्र म्हणाला.

गजेंद्रची बायको लीला भाकर थापताना ऐकत होती. “त्या मशीनले इचारा,” ती म्हणाली, “आखाजीले मनी पुरनपोळी कोन्ही खादी? मशीननी?” धुडकूला हसू आवरेना. मग तीच गंभीर झाली. “सही करानी नही. सांगी ठेवस.”

“नोकरी जाई.”

“जाऊ द्या.”

आणि आज साहेब समजुतीने घेत होते. “तू गाँव में था, हमको मालूम है. पर सिस्टीम को मालूम नहीं ना! छुट्टीवाला भाग अभी चालू नहीं हुआ. साइन कर दे, तुझे गेट पे बिठा देंगे. पगार चालू.”

आपल्याला ठाऊक आहे, हे तोंडाने कबूल करून वर सही मागायची! एवढा निलाजरेपणा कुठल्या कॉलेजात शिकवतात? दोष सॉफ्टवेअरचा ठरला तर अमितच्या कंपनीचं काम पुरं झाल्याचा शिक्का अडत होता. दोष साहेबांचा ठरला तर शेठसमोर चार लॉगिनांची गोष्ट निघत होती. गजेंद्रचा ठरला की सगळं सुरळीत. म्हणून गजेंद्रचा.

त्याने खिशातून त्या फाटक्या मालाचा तुकडा काढला. एक दोरा उपसला.

“पाटील, क्या कर रहा है? ए! यहाँ आग नहीं—”

काडी पेटली. दोरा भुरकन जळला आणि सहीसाठी सोडलेल्या कोऱ्या ओळीवर चिमूटभर राख पडली.

“अमित,” गजेंद्र टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसलेल्या पोराला म्हणाला, “मणी झाला का रे?”

अमितने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “काका, प्लीज. रिपोर्ट कंपनीचा आहे, मी काय बोलू?”

धुडकूचं नाव गजेंद्रच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं. गळ्यातला आयकार्डचा पट्टा काढून राखेशेजारी ठेवला, काडेपेटी मात्र परत खिशात टाकली.

“दोन्ही माणसं याच खोलीत आहेत. सिस्टीमला मध्ये घेऊ नका साहेब. तुमच्या तोंडाने सांगा, आखाजीच्या दिवशी अकरा चाळीसला माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं? आणि मागे कोण उभं होतं?”