मजुरांचं कोर्ट

काथ्याच्या सरकारी महामंडळानं पियतिस्स हेट्टिगेला चोर ठरवून घरी बसवलं. गोदामात गासड्या कमी भरल्या आणि खापर फुटलं गोदाम अधिकाऱ्याच्या, म्हणजे त्याच्या माथी. ना चौकशी, ना विचारणा. तेव्हापासून त्याला एकच ध्यास. त्याच खुर्चीत परत बसायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

“लेबर ट्रिब्युनलमध्ये जा,” बायको सोमलता म्हणाली. “माझी धाकटी बहीण गेली होती ना? आहे की आज कामावर!”

“तुझी बहीण काथ्या पिळते. मी अधिकारी आहे! पान थुंकणाऱ्यांच्या रांगेत बसू? त्या मजुरांच्या कोर्टात? गाव हसेल.”

“आत्ता गाव काय हार घालतंय?”

पण ऐकेल तो पियतिस्स कसला! रिवाजाप्रमाणे मानाची म्हणून विड्याच्या पानांची जुडी घेऊन तो कोलंबोला गेला आणि अमरकोन वकिलांसमोर दोन्ही हातांनी ती धरून वाकला. 

“मंडळ सरकारी आहे, वरच्या कोर्टात रिट अर्ज करून बघू,” वकील म्हणाले. “बडतर्फीचा हुकूमच रद्द करून मागू. पण हा नोकरीचा करार आहे असं ते म्हणतील, आणि तसं ठरलं तर बुडालो. ट्रिब्युनलमध्ये जायला सहा महिन्यांचीच मुदत असते. तिकडे जायचं असेल तर आत्ताच सांगा.”

“तिकडचं नाव काढू नका, सर.”

एवढं बोलला आणि निवांत झाला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण याच्या कानात एकच शब्द घुमत होता, ‘रद्द’. मग तारखांमागून तारखा. दर तारखेला सोमलता पांढऱ्या शर्टाला खळ लावायची. खळ लावून लावून कॉलर विरली, तरी निकाल येईना.

निकालाच्या दिवशी तिनं पहाटे उठून किरीबत रांधला. शुभ दिवसाचा नारळाच्या दुधातला भात. पियतिस्सनं पोटभर खाल्ला.

“अर्जदारावर अन्याय झाला असेलही,” न्यायमूर्ती म्हणाले. “परंतु हा मालक आणि नोकर यांच्यातल्या कराराचा तंटा आहे. मालक सरकारी असला, तरी अशा तंट्याला रिट लागू होत नाही. त्यासाठी दुसरं दार आहे.”

अर्ज फेटाळला. त्यानं चोरी केली की नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. एवढी वर्षं घालवली आणि मूळ गोष्टीला कुणी हातच लावला नाही!

“दुसरं दार?” बाहेर येऊन त्यानं विचारलं.

वकिलांनी मान हलवली. “ते केव्हाच बंद झालं, हेट्टिगे.”

दुसऱ्या दिवशी सोमलतेनं त्याला किनाऱ्यावरच्या देवळात नेलं. ज्याचं कुणी ऐकत नाही तो तिथं मिरच्या वाटतो आणि वाईट करणाऱ्याला शाप देतो. सोमलता पाट्यावर मिरच्या वाटायला बसली. कपुराळ, म्हणजे तिथले पुजारी, पुढं आले.

“कुणाच्या नावानं?”

आपल्याला चोर ठरवणाऱ्या साहेबाचं नाव त्यानं वाटभर घोकलं होतं. पण आता ते ओठांवर येईना. सोमलतेनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं कधी ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नव्हतं, तेच त्याला जास्त लागायचं.

“पियतिस्स हेट्टिगे,” तो म्हणाला.

“हे कोण?”

“मीच.”

कपुराळ अवघडले. “स्वतःचं गाऱ्हाणं स्वतःवर? छे, ते इथं चालत नाही, बाबा.”

“इथंही नाही? मग मी जायचं तरी कुठं, सांगा ना!”

तो लहान मुलासारखा रडू लागला. सोमलतेनं त्याचे डोळे पुसायला हात उचलला. हाताला मिरची होती, म्हणून तो तिनं तसाच मागं घेतला.