हत्तीपासून दोन बोटं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्या भरवशावर कुठेही निघू नका. एका मोठ्या थीम पार्कच्या फाटकावर मला फुकट वाटायचे. माझ्यावर जिथे छोटी आगगाडी छापली आहे तिथे आता टोप्यांचं दुकान आहे. आरसेमहाल पाडला. उंच पाळणा सुटा करून कुणीतरी घेऊन गेलं. अगदी मधोमध, घडीवर, सोंडेतून पाणी उडवणारा सिमेंटचा हत्ती आहे. तोही आता नाही. माझ्यावरच्या निम्म्या वस्तूंची भुतं झाली आहेत, आणि त्यांचं राहतं घर मीच.

माझा जन्म छापखान्यातला. त्या दिवशी लाल शाई केसभर सरकली, म्हणून हत्तीची झूल पाठीवर न बसता शेजारी हवेत लोंबते. छापणाऱ्यानं ते पाहिलं, "पोरांना काय कळतंय!" म्हणाला आणि यंत्र चालू ठेवलं. आम्ही हजारोंनी बाहेर पडलो. आमचं पुढे काय झालं म्हणाल, तर शंभरातले साठ पंख्यासारखे हलवले गेले, तीस बाकावर बुडाखाली गेले, नऊंचे द्रोण झाले. एक तेवढा नीट घडी होऊन खिशात गेला. तो मी.

खिसा होता गोदामात माल मोजून घेणाऱ्या एका माणसाचा. आता त्यांना आजोबाच म्हणू. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि कानामागे पेन्सिल असे. सोबत बायको, म्हणजे आताची आजी, आणि आठ वर्षांची लेक. परीक्षा संपून चारच दिवस झाले होते, त्यामुळे अख्खं जग तिथे लोटलं होतं. लेकीनं मला उघडलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "बाबा, हत्तीची झूल पडली!" पोरांना कळतं, मित्रांनो.

गर्दी पाहून आजोबांनी तिथल्या तिथे एक नियम केला. कुणी चुकलं तर सरळ हत्तीपाशी यायचं. जो पोचेल त्यानं तिथून हलायचं नाही. सगळे आले की खुणा करायच्या आणि मगच पुढे जायचं. माझ्या समासात त्यांनी पेन्सिलीनं तीन चौकटी आखल्या आणि दुपारी हत्तीपाशी उभं राहून तिन्हींत खुणा केल्या.

"नग तीन, पोचले तीन," ते म्हणाले.

"मला नग म्हणायचं काम नाही," बायको म्हणाली. "घरी गेल्यावर या नगाच्याच हातचं जेवायचंय."

त्यानंतर ती माणसं दोन-तीन वर्षांतून एकदा, उन्हाळा लागला रे लागला की यायची. दर वेळी फाटकावर नवा, चकचकीत नकाशा मिळे. आजोबा तो दुमडून चपलेत घालत आणि मला बाहेर काढत. मित्रांनो, असा मान कागदाच्या वाट्याला क्वचित येतो. माझ्या समासात चौकटींच्या सहा ओळी झाल्या. पाच ओळी भरलेल्या आहेत. सहावीत तिसरी चौकट रिकामी आहे.

ती कशी राहिली ते सांगतो. लेकीचं लग्न ठरलं होतं. "लग्नाआधी एकदा तिघंच जाऊ," असा आजोबांनी हट्ट धरला. दुपारी त्यांच्या लक्षात आलं की टोप्या पाण्याच्या खेळापाशी राहिल्या. "तुम्ही हत्तीपाशी व्हा पुढे, मी आलोच. खुणा आज तूच कर," असं म्हणून त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं. त्यांचा फोन आजीच्या पिशवीत होता.

दोघी पोचल्या. लेकीनं दोन खुणा केल्या. अर्धा तास गेला.

"आई, मी बघून येते."

"हलायचं नाही. आपण हललो आणि ते आले तर? मग सगळाच घोळ."

पाऊण तास गेला. हत्ती सोंडेतून पाणी उडवत होता, बँड वाजत होता, पोरं किंचाळत होती. त्या कल्लोळात भोंग्यावरून तीनदा काहीतरी सांगितलं गेलं. आजीनं ऐकलं नाही. मी ऐकलं, पण कागदाला तोंड कुठलं! लेक आणखी दोनदा म्हणाली, "जाऊ का?" आजी दोन्ही वेळा म्हणाली, "नियम त्यांचाच आहे ना? थांब."

सव्वा तासानं गणवेशातली एक बाई धावत आली. आजोबा प्रथमोपचाराच्या खोलीत होते. छातीत कळ आली म्हणून बाकावर बसले आणि तिथून त्यांना उचलून नेलं होतं. नाव कसंबसं सांगितलं, पुढे शब्द फुटेना. "हत्ती, हत्ती म्हणत होते हो," ती बाई रडत म्हणाली, "आम्हाला वाटलं, उन्हानं बरळतायत. हत्तीपाशी बघावं, हे फार उशिरा सुचलं." दोघी पोचल्या तेव्हा ते काहीच म्हणत नव्हते.

ती खोली माझ्यावर छापलेली आहे. पांढऱ्या चौकोनात लाल फुली. हत्तीपासून ती बरोबर दोन बोटांवर आहे. सव्वा तास मी त्या दोघींच्या हातात उघडा होतो.

पुढची दहा वर्षं मी कपाटात, साड्यांखाली काढली. मला कुणी फाडलं नाही, कुणी पाहिलंही नाही. पण एक खोड मला तिथेच लागली. मला कुठेही ठेवा, मी आपोआप हत्तीच्या घडीवर उघडतो. कुणी म्हणेल वारा, कुणी म्हणेल घडी सैल झाली. बंद कपाटात वारा कुठून येणार, हा हिशेब मी तुमच्यावर सोडतो.

मला बाहेर काढलं भिंगरीनं. भिंगरी म्हणजे त्या लेकीची लेक, वय वर्षं आठ, एका जागी बसण्याचा आजवरचा विक्रम दोन मिनिटं. वर्गातल्या सगळ्या मुली पार्कला जाऊन आल्या, मीच राहिले, असा तिचा घोष चालला होता. शेवटी आईनं मान डोलावली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेत सुरू झाला, आणि आजीची साडी शोधता शोधता मी भिंगरीच्या हाती लागून त्याच टेबलावर येऊन पडलो.

जावई लॅपटॉप उघडून बसले होते. गृहस्थ मोठे पद्धतशीर. "मंगळवारी गर्दी कमी असते असं सगळीकडे लिहिलंय," ते म्हणाले, "म्हणजे मंगळवारी गर्दी असणार. आपण बुधवारी जाऊ. पावणेदहाला फाटकावर. सगळे उजवीकडे पळतात, आपण डावीकडे जायचं. चुकामूक झाली तर निळा खांब, क्रमांक चार."

"आणि साडेबारा ते एक हत्तीपाशी," आजी म्हणाली. "माझी एवढीच अट."

चमचा ठेवल्याचा आवाज झाला. लेक म्हणाली, "हत्ती काढला, आई. पाच वर्षं झाली."

"जागा तर काढली नाही ना?"

"तिथे जाऊन काय करणार आहेस तू?"

"थांबणार."

"पुरे झालं नाही का थांबून?" लेकीचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तो कागद माझ्यासमोर नको. मी येतेय ते हिच्यासाठी. हत्तीबित्ती काही नाही."

जावयांनी घसा साफ केला आणि पडद्यावर साडेबारा ते एकच्या रकान्यात 'जेवण' असं लिहिलं. शहाणा माणूस.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी आजी भिंगरीला घेऊन पलंगावर बसली आणि मला उलगडलं. हत्तीची झूल दाखवली. फाटकापासून हत्तीपर्यंतची वळणं भिंगरीच्या बोटानं गिरवून घेतली, नियम सांगितला. भिंगरीनं चौकटी मोजल्या आणि बोट रिकामीवर ठेवलं.

"ही कुणाची?"

"आजोबांची."

"खूण का नाही?"

तेव्हा आजीनं खरं सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "ते यायचेत."

बुधवारी सकाळी पावणेदहाला ती चौघं फाटकावर होती. मंगळवारी गर्दी असणार म्हणून बुधवारी आलेले आणखी काही हजार लोकही होते. मी आजीच्या पर्समध्ये. बाहेरचा आवाज तोच, पोरांचं किंचाळणं तेच, फक्त बँडच्या जागी भोंग्यातलं संगीत. मला माझी गल्लीन् गल्ली ओळखू येत होती आणि एकही दुकान ओळखू येत नव्हतं. आपल्याच घरात परक्यासारखं फिरणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

बाराच्या सुमारास भिंगरी आणि तिचे बाबा एका खेळात बसले. त्या खेळाला बाहेर पडायला दोन दारं होती. बाबा एकातून आले, भिंगरी दुसऱ्यातून निघाली. मधे माणसांची भिंत. दोन मिनिटांत लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. भिंगरीच्या मनगटावर फोन नंबरची पट्टी होती, पण एवढ्या गर्दीत फोन कुठले लागायला! जावई एकीकडे पळाले, लेक दुसरीकडे. जाता जाता तिनं आजीला निळ्या खांबापाशी उभं केलं.

"ती आली तर इथेच येईल. आई, तू इथून हलू नकोस."

हे शब्द लेकीच्या तोंडून बाहेर पडले आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग लेक पळाली.

आजीनं मला बाहेर काढलं. त्या घाईत माझी कड फाटली. भोंग्यावरून आवाज आला, आठ वर्षांची मुलगी, पिवळी टोपी. या वेळी आजीनं प्रत्येक शब्द ऐकला. मी आपोआप हत्तीच्या घडीवर उघडलो.

मागच्या वेळी ती सव्वा तास थांबली होती. या वेळी चार मिनिटं थांबली आणि हलली.

माझ्यावरची दुकानं सगळी खोटी, पण वळणं खरी होती. टोप्यांच्या दुकानापाशी डावीकडे, मग सरळ. लोकांचे खांदे लागत होते, कुणीतरी "ओ आजी, बघून!" म्हणालं. आणि ती जागा आली. फरशी तिथे गोलाकार, फिकट रंगाची आहे, मधे नळावरचं लोखंडी झाकण. मित्रांनो, मी जे पाहिलं तेच सांगतो. पाऊल ठेवायला जागा नव्हती एवढी गर्दी, आणि त्या गोलावरून एकही माणूस चालत नव्हता. सगळे त्याला वळसा घालून जात होते, जणू तिथे काहीतरी मोठं उभं होतं.

गोलाच्या मध्यावर पिवळी टोपी होती.

"किती उशीर केलास गं!" भिंगरी म्हणाली. चेहरा उन्हानं लाल झाला होता, रडलेली मात्र दिसत नव्हती.

आजीनं तिला पोटाशी धरलं. बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "चल. आई वेडी झालीय तिकडे."

भिंगरी हलली नाही.

"अगं चल ना!"

"अजून आजोबा आले नाहीत," भिंगरी म्हणाली. "सगळे येईपर्यंत हलायचं नाही. तूच सांगितलंस."

आजी त्या गरम फरशीवर खाली बसली. लोक वळसा घालून जात राहिले.

"ते येणार नाहीत, बाळा," ती म्हणाली. "त्यांना यायचं होतं. फार यायचं होतं. आजारी पडले, इथवर येता आलं नाही. मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. मी इथे उभी राहिले."

"नियम होता म्हणून?"

"हो."

भिंगरीनं थोडा विचार केला. "मग आता जाऊ या?"

आजीनं मला मांडीवर पसरलं. हत्तीवर बोट ठेवलं, शेजारी दुसरं बोट टेकवलं, आणि त्यापुढे लाल फुली होती. दोघी उठल्या. मी मोजत होतो. भिंगरीची एकशे अठरा पावलं, वाटेत एकदा बुटाची नाडी सुटली ती धरून. एवढंच अंतर होतं.

ती खोली अजून तिथेच होती, दाराला नवा रंग. आजी उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि आत गेली. आतल्या परिचारिकेला म्हणाली, "ही सापडली म्हणून भोंग्यावर सांगा. आणि आम्ही इथे आहोत म्हणून सांगा." मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली. चादर सरळ होती, तरी तिनं हातानं पुन्हा सरळ केली.

लेक धावत आली ती दारातच अडखळली. दहा वर्षांत तिनं या खोलीचं नाव काढलं नव्हतं. तिनं भिंगरीला कवटाळलं, एक धपाटा घातला, पुन्हा कवटाळलं. मग आईकडे पाहिलं.

"आई, तू हललीस?"

"हलले गं," आजी म्हणाली. "या वेळी हलले."

लेक आजीच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. तेवढ्यात जावई घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, "निळ्या खांबावर कुणीच नाही, मी दोनदा जाऊन आलो!"

परिचारिकेच्या टेबलावर पेन्सिल होती. लेकीनं ती उचलली. मला वाटलं, आता ती चौकट भरणार. मित्रांनो, खरं सांगतो, मला भीती वाटली. पण तिनं हत्तीपासून लाल फुलीपर्यंत एक रेघ ओढली, दोन बोटांची. चौकट तशीच ठेवली.

आता मी कपाटात नसतो. टेबलावरच्या काचेखाली असतो आणि माझ्यावर रोज कुणाचा तरी चहाचा कप असतो. मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आयुष्य झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दीत जाल तेव्हा भेटायची जागा जरूर ठरवा. तिथे किती वेळ थांबायचं, तेही ठरवा. तो वेळ संपला की नियम मोडा आणि आपलं माणूस शोधायला निघा. लांब नसतं ते.

रेघ आजही आहे. काचेखालून स्पष्ट दिसते. मधली घडी मात्र काचेला बसू देत नाही. ती हत्तीपाशी अजून थोडी वर उचललेली असते.