बाईंच्या बोटीतले दिवे

द्वारका चौकात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. लासलगावचे कांद्याचे ट्रक माझ्याकडे थांबतात. एकाच्या रिव्हर्स गिअरला मी कुत्र्याचं भुंकणं जोडून दिलं होतं. ड्रायव्हर आठवडाभर गाडीखाली वाकून बघत होता. असा मी, गोटीराम.

२००४ साली उपेंद्र साहेब आले. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागं प्लायवुडची शिडाची बोट बांधली होती, गंगापूर धरणात फिरवायला. आत दोघं बसतील एवढी केबिन.

"गोटीराम, बारा व्होल्टचा दिवा दे. स्वस्त, आणि बॅटरी कमी खाणारा. मोतीबिंदूमुळं मालिनीला कमी उजेडात काहीच दिसत नाही. घाबरून जाते, मग कुठं पाय टाकते तेही कळत नाही तिला."

मालिनीबाई, साहेबांची बायको, चौथीत माझ्या वर्गशिक्षिका होत्या. त्यांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकणारा मीच.

मी सगळं काउंटरवर मांडलं. "ब्रेकचा बल्ब स्वस्त, पण बॅटरी पितो. छोटी ट्यूब बरी, पण ओल लागली की गेली. हे पांढरे एलईडी महागात जातात, पण तीन-तीनची पट्टी केली तर रात्रभर जळून बॅटरीला पत्ता लागणार नाही."

"पट्टीच कर. दोन. माझी जुनी बॅटरी चालेल ना?"

"पळेल साहेब!"

पट्ट्या केल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. बोटीत दुधी काचेच्या आत बसवले ब्रेकचे दोन बल्ब. रविवारी काठावर ट्रायल होती. दिवे झोपले, साहेब डोकं खाजवायला लागले, की खिशातून पट्ट्या काढायच्या आणि पोट धरून हसायचं.

शनिवारी संध्याकाळी शेजारची फुलवाली नवसाबाई म्हणाली, "तुझ्या बाईंनी दुपारी गजरा नेला रे. नवऱ्यासंगं बोटीत चालल्या. सोमवारी डोळ्याचं आपरेशन हाय ना, पट्टी बांधायच्या आधी पाणी बघून घेते म्हणल्या."

हातातली पकड पडली. पट्ट्या खिशात कोंबल्या आणि स्कूटरला किक मारली.

धरणावर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. वारा पडलेला. मधोमध बोट ठप्प, शीड लोंबकळलेलं. केबिनची खिडकी पिवळी दिसत होती. बघता बघता ती तांबडी झाली. मग दिसेनाशी झाली.

मासे धरणारा बारकू होडी ओढून घेत होता. मी त्याच्या दंडालाच लटकलो.

"तू? परत कायतरी चेष्टा आसंल," तो म्हणाला.

"आईची शपथ बारकू, नाय. बाई आहेत तिकडं. अंधारात उठल्या तर पाण्यात जातील."

त्यानं माझं तोंड बघितलं आणि वल्हं उचललं.

बोटीशी गेलो तर साहेबांचा आवाज, "मालिनी, हलू नकोस, मी आहे!" बाई केबिनच्या दारात, एक पाय बाहेर. साहेबांनी त्यांना कमरेला मिठी मारून धरलं होतं.

"कोण आहे?"

"गोट्या, बाई."

मी आत शिरलो. बल्ब काढताना बोटं खरचटली. चाचपडत पट्ट्या जोडल्या. ट्रकची बॅटरी मेली तरी तिच्यावर एलईडी थोडा वेळ मिणमिणतात, एवढीच आशा होती. लागल्या. लग्नातल्या माळेसारख्या बारीक, पण लागल्या.

साहेबांनी खाली पडलेला बल्ब उचलला. उलटसुलट करून बघितला. इंजिनिअर माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही.

"मुद्दाम?"

"गंमत... उद्याची होती साहेब."

त्यांनी बल्ब माझ्या हातात ठेवला. बारकूनं बोट दोरानं बांधून ओढायला घेतली. साहेब बटणाकडं गेले. "बंद करतो. उरलीसुरली बॅटरीही जाईल."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बस रे माझ्यासमोर. नीट बघू दे मला तुला."

मी बसलो. गजऱ्याची फुलं त्यांच्या मांडीवर सांडली होती. काठ येईस्तोवर बाई माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मला वर बघवलं नाही.