पाटलोणीचा डावा पाय

"आजपासून या मंदिरात उजवं-डावं उरलं नाही! दीडशे वर्षांचा अंधार आज संपला!" फादर इरुदयराज यांनी दोन्ही हात आभाळाकडे फेकून असं गर्जून सांगितलं, तेव्हा मुळ्ळिक्कुरिच्चीच्या चर्चमधल्या झाडून साऱ्या माणसांनी माना डोलावल्या, बायकांनी डोळे पुसले, आणि पुढच्या रविवारी सगळे जण येऊन नेमके आपापल्या जुन्या जागेवर बसले.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पाय आपोआप तिकडे वळत होते.

मुळ्ळिक्कुरिच्चीचं चर्च पाटलोणीच्या आकाराचं आहे. हे चेष्टेनं म्हटलेलं नाही. ताडी काढायला झाडावर चढलेल्या माणसाला ते वरून तसंच दिसतं. कमरेच्या जागी वेदी, आणि तिथून फाकत गेलेली दोन लांब दालनं. उजव्या पायात वरच्या जातीचे ख्रिस्ती, डाव्या पायात खालच्या जातीचे. पूर्वी एकच सरळ दालन होतं आणि कोण कुणाच्या पुढे बसणार यावरून दर सणाला डोकी फुटत. तेव्हाचा परदेशी फादर थकून गेला. त्या वेळी उजव्या पायातल्या सूसैमाणिक्कम मास्तरांच्या पणजोबांना, म्हणजे गावातल्या सर्वांत हुशार मेस्त्रींना, ही पाटलोण सुचली. वेदीवरच्या ख्रिस्ताला दोन्ही पाय दिसत; एका पायाला मात्र दुसरा पाय दिसत नसे. या युक्तीबद्दल आपल्याला रोमहून पदक येईल अशी पणजोबांची खात्री होती. मरेपर्यंत ते टपालवाल्याची वाट पाहत होते.

पुढे नियम गेला, वेदीपुढचा कठडा गेला, पंखे आले, माईक आला. कोणी कुठेही बसावं अशी मोकळीक झाली. त्या मोकळिकेत सगळे जुन्या जागी बसत राहिले.

फादरांच्या त्या घोषणेनंतर यंदा बिशपसाहेबांचं पत्र आलं, की चर्चच्या हातून इतिहासात जे घडलं त्याची प्रत्येक गावानं जाहीर माफी मागावी. फादर इरुदयराज तरुण आणि उत्साही. मारियामाऊलीच्या सणाआधीचा रविवार त्यांनी ठरवला. उजव्या पायातर्फे माफीनामा कोणी वाचायचा, हा प्रश्न फार वेळ पडला नाही. पाटलोण ज्यांनी शिवली त्यांचे पणतू; शिवाय शाळेतून निवृत्त झालेले, आणि उभं आयुष्य चर्चच्या गायकांना ताल धरून दिलेले. सूसैमास्तरांनी नम्रपणे दोनदा नाही म्हटलं आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

माफीनामा चौदा पानांचा झाला. चौथ्या दिवशी त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला. पिलोमीनम्मा सांबाराचे छोटे कांदे सोलत ऐकत होती, त्यामुळे तिच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कळायला मार्ग नव्हता.

"कसं वाटलं?"

"छान आहे. आदामपासून सुरुवात केलीत. लोक जेवायला घरी कधी जाणार?"

"विषय मोठा आहे."

"हो ना. पोर्तुगीज आले, त्या फादरांचे गुरू आले, गुरूंचे गुरू आले. पणजोबांची माफी तर अडीच पानं मागितलीत. पणजोबांची मागणं सोपं असतं. ते मेलेत." तिनं कांद्याचं साल फुंकून उडवलं. "तुम्ही कुठे आहात यात?"

"मी? मीच वाचतोय की."

"वाचणारा दिसला हो. करणारा दिसला नाही. अडैक्कलमअण्णांचं कुठल्या पानावर आहे?"

मास्तरांनी पानं नीट जुळवली. जुळलेलीच होती, तरी पुन्हा जुळवली.

अडैक्कलम डाव्या पायातला. मास्तरांच्याच वयाचा, शाळेत एका वर्गातला. त्याचा आवाज असा होता, की तो गाऊ लागला की दळणाच्या गिरणीतले लोक पट्टा थांबवायला सांगत. पण गायक सगळे उजव्या पायातले, आणि डाव्या पायानं हळू आवाजात साथ करायची अशी रीत. पंचविशीत अडैक्कलमला रेल्वेत नोकरी लागली. नव्या नोकरीतली पहिली रजा काढून तो गुड फ्रायडेला गावी आला आणि आईशेजारी उभा राहून मारियेचा विलाप गाऊ लागला. आवाज डाव्या पायातून निघाला, वेदीला वळसा घालून उजव्या पायात शिरला, आणि गायकांचं गाणं त्यात कुठे गेलं ते कळेना. पुढच्या बाकावरच्या बुजुर्गांनी ताल धरणाऱ्या तरुण मास्तरांकडे नुसतं पाहिलं. मास्तर उठले, आयुष्यात पहिल्यांदाच डाव्या पायात गेले आणि अडैक्कलमच्या कानाशी म्हणाले, "आवाज आवर. लोकांचं ध्यान ढळतंय."

त्यानं आवरला. त्यानंतर या चर्चमध्ये अडैक्कलम गायला नाही. रजेवर येई, स्टेशनमास्तर होऊन निवृत्त झाल्यावर तर कायमचाच आला, पण गाण्याच्या वेळी ओठ मिटून वेदीकडे बघत राही. मास्तर ताल धरत आणि डाव्या पायातली ती शांतता त्यांना गायकांपेक्षा मोठ्यानं ऐकू येई. पापनिवेदन करताना ते फादरना मुलांना मारलेल्या छड्या सांगत, उपासाच्या दिवशी खाल्लेलं मटण सांगत. एवढं एक सांगायचं राहून जाई. एक कोकिळा आपण मारली, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मरायच्या आत अडैक्कलमच्या तोंडून काहीतरी ऐकावं, शिवी तर शिवी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण चौदा पानांत तिला जागा मिळाली नव्हती.

रात्री त्यांनी पंधरावं पान लिहिलं. त्यावर चारच ओळी बसल्या.

रविवारी चर्च भरलं. मास्तर कडक इस्त्रीची वेष्टी नेसून माईकपुढे उभे राहिले. आदाम सुरळीत पार पडला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, पोर्तुगीज जहाजातून उतरत असताना, वीज गेली.

माईक मेला. पंखे दोन गिरक्या घेऊन थांबले. फादरनी खुणेनं सांगितलं, चालू ठेवा. मास्तरांनी शाळेतला आवाज काढला आणि वाचत राहिले. आता, पणजोबांनी पाटलोण शिवताना एक सोय करून ठेवली होती: माईकशिवाय बोललेला शब्द वेदीजवळून सरळ उजव्या पायात जाई आणि डाव्या पायाकडे नुसती भुणभुण जाई. त्यामुळे झालं असं, की उजव्या पायानं डाव्या पायाची मागितलेली माफी फक्त उजव्या पायानं ऐकली. त्यांना ती फार आवडली. पणजोबांची पानं आली तेव्हा तर दोन म्हातारे हुंदके देऊन रडले. चौदावं पान संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मागून कोणीतरी म्हणालंसुद्धा, "चला, मोकळं झालो एकदाचे."

मास्तरांच्या हातात पंधरावं पान होतं. त्यांनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. हे पान यांना वाचून दाखवायचं, हे यांनी थोडंसं रडून ऐकायचं आणि यांनीच मला माफ करायचं, असा तो एकूण बेत दिसत होता. त्यांनी पान घडी करून खिशात टाकलं. मग वेदीला गुडघा टेकून ते डाव्या पायात शिरले.

टाळ्या थांबल्या. फादर जनरेटरसाठी कोणाला तरी हाका मारत होते, ते हाक अर्धी ठेवून बघू लागले.

डाव्या पायात शिरताच मास्तरांना पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की इथे गार होतं. हा पाय पश्चिमेकडे होता, डोंगराच्या बाजूला. आडी महिन्याचा, म्हणजे आषाढातला वारा समोरच्या खिडक्यांतून आत येऊन बाकांवरून सरळ वाहत होता. कोणाच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मास्तरांचा सदरा पाठीला चिकटलेला होता. चार पिढ्या मानाची बाजू म्हणून उजव्या पायात शिजत बसल्या, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं, आणि इतक्या गंभीर वेळी त्यांना हसू फुटायची वेळ आली.

अडैक्कलम तिसऱ्या बाकावर, खिडकीपासून दुसऱ्या जागी बसला होता. खिडकीजवळची जागा रिकामी होती. मास्तर त्याच्या गुडघ्यांवरून कसेबसे पलीकडे गेले आणि तिथे टेकले.

"अहो अडैक्कलम," ते म्हणाले.

अडैक्कलमनं दचकून मागे वळून पाहिलं. "कोण आलंय?"

"कोणी नाही. तुम्हालाच म्हणतोय."

"मला अहो? मास्तर, तब्येत बरी आहे ना? शाळेत माझी पाटी फोडलीत तेव्हापासून मी अरेच आहे."

"माझं भाषण ऐकलंस का?"

"टाळ्या ऐकल्या. चांगलं झालं असणार."

"तुमच्यासाठी होतं. म्हणजे तुझ्यासाठी. सगळ्यांसाठी." मास्तरांनी खिशातला कागद चाचपला आणि तसाच राहू दिला. "त्या गुड फ्रायडेला मी तुला गप्प केलं. बुजुर्गांनी तोंडानं काही सांगितलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. उठून मी आलो. पणजोबा आले नव्हते. तुझं गाणं मी बंद पाडलं."

अडैक्कलम वेदीकडे बघत म्हणाला, "बंद कुठं पाडलंत? विळ्ळुपुरमच्या चर्चमध्ये चौदा वर्षं मी गायकांच्या पुढे उभा राहून गायलो. दिंडिगलला गायलो. मदुरैला तर एका बिशपांच्या कार्यक्रमात गायलो, ते म्हणाले पुन्हा गा."

मास्तरांनी इतकी वर्षं ज्या कोकिळेचं सुतक पाळलं ती मदुरैला बिशपांपुढे गात होती.

"मग तू माझ्यामुळे..."

"तुमचं स्वतःबद्दल मत फार मोठं आहे, मास्तर," अडैक्कलम शांतपणे म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून माझा गळा बसेल होय? सगळीकडे गायलो. फक्त इथे नाही. आणि आई फक्त इथेच होती. ती कधी गाव सोडून गेली नाही. रेल्वेचा पास होता माझ्याकडे, पण तिला गाडीची भीती. त्या दिवशी माझा हात धरून उभी होती ती. तुम्ही काय म्हणालात ते तिनं ऐकलं. नंतर मीही हट्टाला पेटलो, इथे गाणार नाही म्हणून. त्यात तिला माझं गाणं ऐकायचं राहून गेलं."

पलीकडे जनरेटर दोनदा खोकून गप्प झाला.

"माझ्यापुरतं म्हणाल, तर ते कधीच मिटलं," अडैक्कलम म्हणाला. "पहिली काही वर्षं तुम्हाला रोज शिव्या दिल्या. मग बदल्या, पोरांची लग्नं, मधुमेह. वेळ मिळेना. पण आईच्या वाटणीचं मला माफ करता येत नाही. ते माझं नाही. ते तिच्याकडेच मागा."

"कुठे आहे ती?"

"या भिंतीच्या मागे. डाव्या पायाच्या दफनभूमीत, चिंचेखाली."

"मिस्सेची प्रार्थना झाल्यावर जातो."

"जा. फुलं न्या. मोगरा नको, तिला शिंका येत."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बरं वाटत होतं. कोणी मोकळं केलं म्हणून नव्हे. एवढ्या वर्षांनी कोणीतरी नेमकं किती आणि कोणाचं देणं आहे ते सांगितलं म्हणून. देवा, तुझे आभार, त्यांनी मनात म्हटलं. विजेचे आभार. पिलोमीच्या कांद्यांचे आभार. मी इथे बसलो आणि या माणसानं मला उठवलं नाही, त्याचे तर आभार मानायला मला शब्द नाहीत आणि चौदा पानं तर मुळीच नाहीत.

विजेचा पत्ता नव्हता, तेव्हा फादरनी हात हलवून गाणं सुरू करायला सांगितलं. उजव्या पायात गायकांनी मारियामातेचं जुनं गाणं धरलं. ताल धरायला मास्तर नव्हते, त्यामुळे अर्धे पुढे धावले आणि अर्धे मागे राहिले. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांची पार वाताहत झाली.

अडैक्कलम उठला. मान तिरकी करून त्यानं थोडा वेळ ऐकलं, रुळावरून घसरत चाललेल्या गाडीकडे पाहावं तसं. मग भिंतीकडे, चिंचेच्या बाजूला तोंड केलं आणि गायला लागला.

आवाज म्हातारा झाला होता. काठ झिजले होते, वरच्या सुरावर तो थोडा विसावा घेई. पण तो निघाला, वेदीला वळसा घालून उजव्या पायात शिरला, आणि तिथे पांगलेली सगळी माणसं एकेक करून त्याच्या मागे लागली, फलाटावर गाडी लागल्यावर लागतात तशी. उजव्या पायातल्या आताच्या बुजुर्गांनीही तेव्हाच्यासारखंच नुसतं पाहिलं. आवाज कुणाचा हे पाटलोणीमुळे दिसेना. शेवटी त्यातले दोघे उठून वेदीपर्यंत आले, डोकावले आणि तिथेच उभे राहिले. बहुधा गार वाऱ्यामुळेही असेल.

मास्तर बसल्या जागी बोटांनी बाकावर ताल धरत होते. गाणं संपलं. चर्च इतकं शांत झालं, की बाहेर चिंचेची पानं हललेली ऐकू आली. मास्तरांचे डोळे आता खरोखरच भरून आले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं, या क्षणाला शोभेल असं. त्यांनी अडैक्कलमकडे मान वळवली.

अडैक्कलमनं खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसली, खाली बसला आणि मास्तरांच्या बरगडीत हळूच कोपर ढोसलं.

"सूसै, जरा मागे सरक रे. खिडकी अडवलीस सगळी, वारा येत नाही."