मी हाय की

संध्याकाळी सहाला शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या खोलीत सगळे मोबाइल हातात धरून बसले होते आणि शब्दानंद महाराज डोळे मिटून जप करत होते. जप संपता संपता शेजारच्या धोंडुबाई किंचाळल्या.

"आला! आला की गं उन्मेष!"

प्रत्येकाच्या फोनवर, वायफायच्या यादीत, एक नाव आलं होतं : मी हाय की.

उन्मेष माझा नवरा. अकरा दिवसांपूर्वी अपघातात गेला. लोक हात जोडत होते आणि मी मोरीत कप विसळत होते. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. तो कप मी तिसऱ्यांदा विसळतेय, हेही उशिरा कळलं. ते नाव कुठून येतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण तोंड उघडायचाच कंटाळा आला होता.

"वायफाय म्हंजे काय?" महाराजांनी विचारलं. "वायूच की! पोरगं वायुरूपात आलंय. आईनं अन्न-औषध सोडलंय, सातव्या दिवशी बोलंलसुद्धा."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सरुआत्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. अन्न-औषधाविना आज त्यांचा तिसरा दिवस होता. त्या उठायला गेल्या आणि भिंतीला धरून खालीच बसल्या. मी जवळ गेले, तर त्यांच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास. असा वास आला तर थेट दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

"आत्या, चला. रिक्षा बोलावते."

"त्यो बोलल्याबिगर मी हलायची न्हाय."

तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं. मी वर गेले. महाराजांचा चेला गुरुप्रसाद धूप फिरवायच्या निमित्तानं उन्मेषच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या बटणाशेजारी उभा होता. त्याला दंडाला धरून खाली आणलं. येताना बटण बंद केलं. फोनवरचं नाव गेलं.

"आता धोंडुबाई वर जाऊन बटण दाबतील," मी म्हणाले. "जप नको. बेपासून दहापर्यंत पाढे म्हणा."

मी हायस्कूलला गणित शिकवते. अर्धी पेठ माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळं सवयीनं सगळे सुरात म्हणायला लागले. नवाचा पाढा संपायच्या आत नाव परत आलं.

"पाढ्यातबी मंत्रशक्ती असती," महाराज म्हणाले.

"मग आता शिव्या घालून बघू का, म्हाराज?" तालमीतले तात्या म्हणाले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"उन्मेषचा जुना कॉम्प्युटर पडून होता," मी सांगितलं. "जायच्या आदल्या रविवारी त्यानं त्याचा राउटर केला. एका वायरीनं इंटरनेट आत घ्यायचं, अँटेनातनं घरभर वाटायचं. वीज मिळाली की तो आपोआप चालू होतो, त्याला अडीच मिनिटं लागतात. महाराजांचा जपही तेवढाच. उन्मेष गेल्यावर बटण मी बंद केलं होतं. या गुरुप्रसादनं ते दाबलं आणि यांना देव सापडला. नाव उन्मेषनंच दिलंय. नेट गेलं म्हणून मी खालनं ओरडले, की तो वरनं हेच ओरडायचा."

महाराज चपला शोधायला लागले.

"नवल वाटलं तर वाटू द्या," मी म्हणाले. "पण हात जोडायच्या आधी बटण कुठंय ते बघा. आणि औषध सोडा म्हणणाऱ्याला दारातच उभं करा."

आत्यांनी फोन खाली ठेवला. माझ्याकडं वळल्या.

"म्हंजे त्यो न्हाय?"

"न्हाय, आत्या."

"मग माझं कोण हाय गं आता?"

अकरा दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

"मी हाय की."

त्यांनी हात पुढं केला. तात्या रिक्षा आणायला पळाले.